ओकेमास्तर आणि पाच हजार स्टिकर

माझ्या लग्नात सासऱ्यांनी आम्हाला शिडी दिली. अ‍ॅल्युमिनियमची, घडीची, सात पायऱ्यांची. लोकांचे सासरे कपाट देतात, मिक्सर देतात, अगदीच हात आखडता घेतला तर भिंतीवरचं घड्याळ देतात. आमच्या दारात मात्र ही शिडी उभी, आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बघून मला विचारत होता, "रंगकाम राहिलंय वाटतं?" मी हसत होतो. नव्या जावयाला त्या दिवशी हसण्यावाचून दुसरा हक्क नसतो.

शिडीच्या उजव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, लाल रंगात ब्रशने लिहिलं होतं: ओके. 'के'ची मात्रा मागे इतकी लांब ओढलेली की ती 'ओ'च्या डोक्यावर छत्रीसारखी आली होती. 'ओ'च्या पोटात ब्रशचा एक केस चिकटून वाळला होता. सासऱ्यांनी शिडी माझ्या हवाली केली आणि म्हणाले, "ही ओके आहे."

त्या 'ही'वर त्यांनी दिलेला जोर मी अकरा वर्षं विसरलो नाही. शिडी ओके होती. माझ्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. तेव्हापासून मला त्या माणसाच्या तोंडून एकदा तरी, माझ्याबद्दल, तो शब्द ऐकायचा होता. चाळिशी ओलांडलेल्या, स्वतःचा छापखाना असलेल्या माणसाने असली हौस बाळगणं हास्यास्पद आहे, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

सासरे शिड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं होते. कारखान्यात, बाजारात, गल्लीत त्यांना सगळे ओकेमास्तर म्हणायचे. शिक्षण चौथी. इंग्रजीशी संबंध या एका शब्दापुरता, तोही आपल्या लिपीत. ते कामाला लागले त्याच्या आदल्या वर्षी कारखान्याच्या शिडीवरून एक रंगारी पडला होता आणि थोरल्या मालकांना फार वाईट वाटलं होतं. इतकं वाईट, की त्यांनी ठरवून टाकलं, यापुढे पडायचंच असेल तर गिऱ्हाइकाआधी आपला पगारी माणूस पडावा. ती जागा सासऱ्यांना मिळाली. थोरले मालक म्हणाले, "प्रत्येक शिडीवर तू चढायचं. नीट खाली आलास तर ओके लिहायचं." नाही आलास तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. नोकरीची गरज असलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही.

अडचण एवढीच की सासरे काडीपैलवान. वजन बावन्न किलो. रंगारी आपली बादली-ब्रश घेऊन चढला की सहज नव्वदीच्या घरात जातो. बावन्न किलोच्या माणसाखाली काय, पुठ्ठ्याचं खोकंही टिकेल. म्हणून त्यांनी जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, प्रत्येकीत वीस किलो वाळू भरली. दोन खांद्यांवर दोन पिशव्या टाकून ते चढायचे. चौथ्या पायरीवर थांबून टाचा तीनदा आपटायच्या, मान तिरकी करून ऐकायचं. मग वरच्या पायरीवर जाऊन तेच. "शिडी बोलते," ते म्हणायचे. "वाईट असेल तर आधी सांगते. आपलं लक्ष नसतं." उतरून पिशव्या खाली ठेवायच्या, लाल रंगाच्या डबीत ब्रश बुडवायचा आणि लिहायचं. दिवसाला चाळीस शिड्या. चौतीस वर्षांत ते सात वेळा पडले. एकदा गळ्याजवळचं हाड मोडलं, एकदा दोन दात गेले, बाकी किरकोळ. पण त्यांनी ओके लिहिलेल्या शिडीवरून पडलो अशी तक्रार घेऊन कोणी आलं नाही. रंगारी, वायरमन, दुकानाच्या पाट्या लावणारे, सगळे आधी लाल खूण शोधायचे आणि मग शिडीला हात लावायचे.

आता हाच शब्द बाकीचं जग कसं वापरतं ते बघा. मित्र म्हणतो, "चल, ओके," म्हणजे फोन ठेव. डॉक्टर रिपोर्टवर नजर न टाकता म्हणतात "ओके, ओके," म्हणजे पुढचा पेशंट आत येऊ दे. कोणी मोबाइलवर चार ओळी लिहून मन मोकळं करतं आणि उत्तर येतं ओके, म्हणजे वाचलं, आता पुरे. सिनेमा ओके होता म्हणजे मधेच झोप लागली. माझ्या बायकोकडे तर या शब्दाच्या जातीच आहेत. लांबवलेला "ओकेऽऽ" म्हणजे मला पटलेलं नाही, पण तुझं चालू दे. दोनदा घाईत आला म्हणजे मी ऐकतच नव्हते. आणि एक आखूड, कोरडा, मागेपुढे काही नसलेला ओके आहे. तो आला की मी घरातली पडून असलेली कामं स्वतःहून काढतो.

माझ्या धंद्यातही हा शब्द आहे, आणि त्याला कायद्याचं वजन आहे. छपाईआधी गिऱ्हाइकाला एक नमुना दाखवतात, त्याला प्रूफ म्हणतात. गिऱ्हाईक त्यावर ओके लिहून सही करतं. वाचत नाही. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वतःचाच फोन नंबर चुकलेल्या दोन हजार पत्रकांना चष्मा न लावता ओके केलं, आणि नंतर भांडायला आले. मी सहीचा कागद पुढे सरकवला. छापखान्यात ओकेचा अर्थ सरळ आहे: आता चूक तुमची. सासऱ्यांच्या कारखान्यात त्याचा अर्थ होता: आता चूक माझी. एवढा फरक मला वेळेवर कळला असता तर पुढचा घोळ झाला नसता.

मुलीला मागणी घालायला गेलो होतो तेव्हा सासूबाईंनी शिक्षण विचारलं, मेव्हण्याने छापखान्याची जागा स्वतःची की भाड्याची ते विचारलं. सासऱ्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती?"

"एक्याण्णव."

"हं," ते म्हणाले.

पुढे अकरा वर्षं मी हेच ऐकलं. छापखाना मोठ्या जागेत हलवला: हं. नवं मशीन आणलं: हं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात दोन महिने रोज दवाखान्यात डबा पोचवला: "हं. डब्याचं झाकण नीट बसत नाही." मधल्या काळात माझं वजन एक्याण्णववरून शहाण्णववर गेलं, त्याचंही स्वागत त्यांनी हंनेच केलं.

"मनावर नको घेऊ," बायको म्हणायची. "मला तरी कुठे कधी म्हणालेत? सात वर्षांची असताना मी हात पुढे केला होता, म्हटलं, बाबा, माझ्या हातावर ओके लिहा. तर म्हणतात, तू शिडी आहेस का?"

"मग?"

"मग काय, भोकाड पसरलं मी. तेव्हा म्हणाले, माणसावर लिहीत नसतात. शिडी आज आहे तशी उद्या असते. माणसाचं सांगता येत नाही."

सासरे निवृत्त झाले तोवर थोरले मालक जाऊन कारखाना धाकट्या मालकांच्या हातात आला होता. धाकटे मालक मोठं शिक्षण घेऊन आले होते, आणि मोठ्या शिक्षणाने काही जणांना जो आजार होतो तो त्यांना झाला होता: जे चाललंय ते का चाललंय हे न विचारता ते सुधारायला घ्यायचं. निरोपाच्या भाषणात त्यांनी ओके हा शब्द सतरा वेळा वापरला. मी मोजला, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेवटी सासऱ्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. सासऱ्यांनी ते घरी आणून आठ दिवस कानाशी धरून ऐकलं आणि कपाटात ठेवून दिलं. "दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं," म्हणाले. त्याच्यावर काही लिहिलं नाही हे सांगायला नको.

पुढच्याच आठवड्यात धाकटे मालक माझ्या छापखान्यात आले.

"मास्तरांची ती लाल खूण आहे ना," ते म्हणाले, "तिच्याशिवाय हे रंगारी लोक शिडीकडे बघतसुद्धा नाहीत. अडाणी आहेत, काय करणार? तेवढे स्टिकर छापून द्या. पाच हजार."

"पण बाबा आता कामावर कुठे आहेत?"

"म्हणून तर स्टिकर!"

"आणि शिड्यांवर चढणार कोण?"

"मशीन येतंय."

"कधी?"

"येतंय ना. ओके?"

मी ओके म्हणालो. तुम्ही विचाराल, लाज नाही वाटली? वाटली ना. पण लाजेची समजूत घालणं मला जमतं. मी स्वतःला सांगितलं, सासऱ्यांच्या हस्ताक्षराचा हा गौरव आहे. त्यांची खूण त्यांच्यामागे पाच हजार वेळा उमटणार, आणखी काय हवं माणसाला? गौरवच होता तर मग त्यांना का सांगितलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

खुणेचा नमुना हवा होता. तो माझ्या घरातच होता. संध्याकाळी माळ्याखालची लग्नातली शिडी ओढली आणि मोबाइलने फोटो काढू लागलो, तेवढ्यात बायको आली.

"काय करतोयस?"

"शिडी पुसतोय."

अकरा वर्षांत मी त्या शिडीला फडकं लावलं नव्हतं. तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाली, "ओकेऽऽ."

कॉम्प्युटरवर मी खूण साफसूफ केली. 'ओ'च्या पोटातला ब्रशचा केस काढून टाकणार होतो, पण धाकटे मालक मागेच उभे होते. "असू द्या तो," म्हणाले, "खरं वाटतं." मग त्यांनी प्रूफवर सही केली आणि सहीवर लिहिलं, ओके. ओकेच्या प्रूफवर ओके. आम्ही दोघेही त्यावर हसलो. कागद मी फाइलला लावला.

दहा-बारा दिवस सगळं सुरळीत चाललं, म्हणजे कोणाला काही कळलं नाही.

एके सकाळी सासरे नळाचा वॉशर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दारातच नव्या तऱ्हेची शिडी उभी. पायऱ्या चपट्या, असल्या पायरीवर त्यांचा पाय आयुष्यात पडला नव्हता. आणि तिच्यावर त्यांचा ओके. दुकानदाराने मला नंतर सांगितलं की मास्तर दहा मिनिटं नुसते उभे होते. दुसरी शिडी पाहिली, तिसरी पाहिली, बोटाने 'ओ' चाचपला. मग भिंतीला लावायच्या पुट्टीच्या वीस-वीस किलोच्या दोन पिशव्या मागितल्या. दुकानदाराला वाटलं मास्तर घर रंगवायला काढतायत. मास्तरांनी दोन पिशव्या दोन खांद्यांवर टाकल्या आणि ते शिडीवर चढले.

चौथ्या पायरीवर त्यांनी टाच आपटली. दुसऱ्यांदा आपटली तेव्हा शिडी बोलली. त्यांनी ऐकलंही. पण साठी उलटलेल्या माणसाचे कान आणि पाय एका वेगाने चालत नाहीत. पायरी पाइपला धरून ठेवणारं रिव्हेट निघालं, पायरी एका बाजूने सुटली आणि ओकेमास्तर आठव्यांदा पडले. एक पिशवी फुटली.

मी आणि बायको दवाखान्यात पोचलो तेव्हा सासरे पुट्टीने पांढरेफटक, उजव्या घोट्याला प्लास्टर, आणि मूठ घट्ट मिटलेली. नर्स म्हणाली, "आजोबा, आता ओके ना?"

"उभं राहून बघितल्याशिवाय कसं सांगू?" सासरे म्हणाले.

नर्स गेली. त्यांनी मूठ उघडली. आत सोलून काढलेला स्टिकर होता.

"जावईबापू, हे कोणी छापलं असेल हो?" ते म्हणाले. "तुमचाच धंदा, तुम्हाला अंदाज असेल."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही; माझ्या घशात खरोखरच खवखवू लागलं. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. गावात सहा छापखाने आहेत, आणि त्यांतल्या एकाशी माझं पटत नाही. त्याचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. तिला शिडी पुसणं आठवलं असणार.

"मी," मी म्हणालो.

बायको म्हणाली, "ओके." आखूड. आणि बाहेर व्हरांड्यात गेली.

सासरे म्हणाले, "हं. माहीत होतं."

"कसं काय?"

"ब्रशचा केस. चौतीस वर्षांत एकदाच 'ओ'त अडकला. मी तो काढणार होतो, पण तुमची वरात दारात आली होती."

मी मग बोलतच सुटलो. धाकट्या मालकांनी ऑर्डर दिली. मशीन येणार होतं. प्रूफ त्यांनी स्वतः ओके केलंय, माझ्याकडे सहीचा कागद आहे. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चूक त्यांची," ते म्हणाले.

"कागदावर तरी त्यांचीच."

"आणि पाय माझा."

त्यांनी स्टिकर पुन्हा मुठीत घेतला. मग म्हणाले, "मी नशिबाने घोट्यावर पडलो. वर बादली घेऊन चढलेला माणूस डोक्यावर पडेल. माझी खूण बघून चढलेला असेल तो. उद्या सकाळी गाडी घेऊन या, कारखान्यात जायचंय."

डॉक्टर म्हणाले होते, तीन आठवडे हलायचं नाही, ओके? सासऱ्यांनी त्यांना हं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याच्या फाटकात खुर्ची मांडली आणि प्लास्टरचा पाय पुढे करून बसले. शिड्यांनी भरलेला टेम्पो बाहेर निघत होता. तो पायावरून घालायची ड्रायव्हरची छाती झाली नाही. सासऱ्यांनी एकेक शिडी खाली उतरवून घेतली आणि नखाने स्टिकर सोलायला बसले. शिड्या जोडणारा एक कामगार बघायला आला, त्याला मी विचारलं, "हे स्टिकर लावता कधी?"

"रिव्हेट ठोकायच्या आधी," तो म्हणाला. "पाइप आडवा असतो ना, तेव्हा सरळ बसतो. शिडी झाल्यावर लावला तर वाकडा जातो, मालक ओरडतात."

म्हणजे शिडी जन्माला यायच्या आधीच पास झालेली. स्टिकर मात्र एकही वाकडा नव्हता, हे कबूल केलं पाहिजे.

धाकटे मालक धावत आले. "मास्तर, हे काय चालवलंय? आत या, बसून बोलू. घरचंच आहे सगळं."

तोवर सायकलवरून कामाला निघालेले दोन रंगारी थांबले होते. दोनाचे पाच झाले, दुपारपर्यंत अकरा. सासरे प्रत्येकाला तेच सांगत होते, आवाज न चढवता. "हे माझं नाही. माझा एक ओके म्हणजे एक शिडी. हा एका शिडीचा ओके आहे, पाच हजारांना लावलेला."

मालकांनी शेवटचा पत्ता टाकला. "स्टिकर तुमच्याच जावयाने छापलेत, मास्तर."

माझ्या खिशात सहीचा कागद होता. रात्रीच फाइलमधून काढून ठेवला होता, याच क्षणासाठी. माझा हात खिशाकडे गेलाही.

"माहीत आहे मला," सासरे म्हणाले. "त्यांचंही बघतोय मी."

मी हात बाहेर काढला, रिकामा. अकरा रंगाऱ्यांकडे बघून धाकटे मालक म्हणाले, "ओके, ओके, तपासू या सगळ्या." हा दोनदा घाईत म्हटलेला ओके होता, पण त्या दिवशी तो चालला.

गोदामात दोनशे चाळीस शिड्या होत्या. दुकानांची बिलबुकं मीच छापतो, त्यामुळे सगळ्यांचे नंबर होते. फोन करकरून एकसष्ट शिड्या परत आणवल्या. तेवीस विकल्या गेल्या होत्या. त्यांच्यासाठी मी पत्रक छापलं: 'ओ'च्या पोटात केस दिसणाऱ्या शिडीवर चढू नका, आम्हाला कळवा. त्याचं प्रूफ सासऱ्यांना दाखवलं. त्यांनी अक्षरावर बोट ठेवून अर्धा तास वाचलं, दोनदा, आणि फोन नंबर स्वतः लावून बघितला. माझ्या खिशात मोबाइल वाजला तेव्हा त्यांनी सही केली. माझ्या छापखान्याच्या इतिहासात वाचून सही केलेलं ते पहिलं प्रूफ. तेवीसपैकी एकवीस शिड्या आल्या.

राहता राहिला प्रश्न चढायचा. मास्तरांचा पाय प्लास्टरमध्ये. कारखान्यातल्या प्रत्येकाला अचानक कंबरदुखी झाली. मालक म्हणाले, मशीन येतंय. सासरे माझ्याकडे बघत होते, डोक्यापासून पायापर्यंत, मागणी घालायला गेलो होतो त्या दिवशी बघितलं होतं तसं.

"वाळूच्या पिशव्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"तुम्हाला कशाला?" सासरे म्हणाले.

मी आठ दिवस शिड्या चढलो. छापखाना बायकोने सांभाळला. पहिल्या दिवशी खाली रंगारी उभे राहून सल्ले देत होते. मी टाचा आपटायचो, सासरे खुर्चीतून म्हणायचे, "ऐका." मला काही ऐकू यायचं नाही. पहिल्या दोन दिवसांत मी तीनदा पडलो. चौथ्या पायरीवरून पडलेल्या शहाण्णव किलोंचा आवाज कसा होतो हे त्या कारखान्याला आता पाठ आहे. चौथ्या दिवशी टाच आपटल्यावर पायाखालून कण्हल्यासारखं काहीतरी आलं. मी गपकन खाली उतरलो. "ही बोलली," मी म्हणालो. सासऱ्यांनी पायरी हलवून बघितली, रिव्हेट हातात आलं. "हं," म्हणाले. एकूण एकोणीस शिड्या वाईट निघाल्या. एकोणीस माणसं, असं मी मनात म्हणायचो आणि मग ते मनात आणायचं सोडून द्यायचो.

जी शिडी पास व्हायची ती आडवी करून त्यांच्या खुर्चीपाशी न्यायची. ते डबीत ब्रश बुडवून ओके लिहायचे. तिसऱ्या की पाचव्या दिवशी, वरच्या पायरीवर उभा असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चढत होतो मी. खूण त्यांची उमटत होती. चौतीस वर्षं स्वतःच्या पायांशिवाय कशावर विश्वास न ठेवलेला माणूस माझ्या पायांच्या भरवशावर लिहीत होता, आता चूक माझी. मला रडू आलं. घामाने निथळत होतो म्हणून ते खपून गेलं.

शेवटची शिडी आठव्या दिवशी झाली. अंगणात आम्ही दोघेच होतो. मी उतरलो, शिडी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी लिहिलं आणि मात्रा मागे ओढली. इतक्या दिवसांचा धीर गोळा करून मी विचारलंच, "बाबा, आणि माझं काय? मी ओके आहे का?"

"माणसावर लिहीत नसतात," ते म्हणाले.

मी मान हलवली. माहीत होतं. त्यांनी ब्रश फडक्याला पुसला, डबीचं झाकण दाबून बसवलं, नीट बसलंय का ते उलटं करून बघितलं. मग पाय उचलायला माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळा भार माझ्यावर देऊन उभे राहिले.

"दोन शिड्या अजून यायच्यात," ते म्हणाले. "तोवर वजन कमी करू नका."

परवा स्वतःला तपासून घ्यायला दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, बारा किलो उतरवलेच पाहिजेत, ओके? मी म्हणालो, ओके. छापखान्यातला, न वाचता केलेला.